प्लांटमध्ये सात हजार, कार्यालयात आठ हजार

अलिबाग, पेण, रोहा भागातील आयटीआय निदेशक आणि कारखान्यांचे प्रशिक्षण अधिकारी अलीकडे पत्रांतून एकच तक्रार करत आहेत. एओसीपी (अटेंडंट ऑपरेटर, केमिकल प्लांट), फिटर, इन्स्ट्रुमेंट मेकॅनिक पास झालेली मुले अप्रेंटिसशिपच्या करारावर सही करायला येत नाहीत, आणि आलेली मध्येच सोडून जातात. काही पत्रांत याचा दोष मुलांच्या आळसावर टाकला आहे. आम्हाला ते मान्य नाही. हिशेब मुलांच्या बाजूने आहे.

2019 च्या सुधारित नियमांनी आयटीआय उत्तीर्ण शिकाऊ उमेदवाराचे किमान विद्यावेतन महिना 7,000 रुपये ठरवले. 2024 मध्ये आलेल्या मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेत त्याच मुलाला 8,000 मिळतात. तिथे करार नाही, अखिल भारतीय परीक्षा नाही, एनएसी म्हणजे राष्ट्रीय अप्रेंटिसशिप प्रमाणपत्र नाही. बहुतेकांच्या वाट्याला एखाद्या कार्यालयात नोंदी करण्याचे काम येते. रात्रपाळीत फील्ड राउंड घेणारा, पंप लाइनअप आणि वर्क परमिट शिकणारा मुलगा मात्र हजार रुपयांनी मागे राहतो. दोन्ही योजना राज्याच्या एकाच कौशल्य विभागाच्या टेबलावर आहेत. तिथल्या एकाही अधिकाऱ्याला हे दोन आकडे शेजारी ठेवून पाहावेसे वाटले नाहीत?

कंपनीच्या बाजूचे गणित आणखी वाईट आहे. अप्रेंटिसच्या 7,000 मधले केंद्र देणार 25 टक्के, तेही कमाल 1,500. उरलेले 5,500 मालकाचे. राज्याच्या योजनेतले सगळे पैसे सरकार थेट मुलाच्या खात्यात भरते. म्हणजे कायद्याने बंधनकारक असलेला मार्ग खर्चाचा आणि प्रमाणपत्र नसलेला मार्ग फुकटाचा. पुढे या योजनेची मुदत सहावरून अकरा महिने झाली. मुदत संपलेली मुले कायम करा म्हणून रस्त्यावर उतरली, तेव्हा त्यांच्या हाती दाखवायला एनएसी नव्हते.

मे 2025 मध्ये केंद्रीय अप्रेंटिसशिप परिषदेने विद्यावेतनात 36 टक्के वाढीची शिफारस केली. शिफारशीवर कुणाच्या घरची चूल पेटत नाही.

पण आपल्यातल्याही काहींना बोलावे लागेल. 30 किंवा अधिक माणसे असलेल्या आस्थापनेने अडीच ते पंधरा टक्के शिकाऊ घ्यायचे आहेत, आणि या मोजणीत कंत्राटी कामगार धरायचे आहेत. धाटाव आणि महाडमध्ये कायम कामगारांचा आकडा दाखवून अडीच टक्क्यांवर भागवणारे मालक आमच्या वर्गणीदारांत आहेत. हेच मालक कुशल ऑपरेटर मिळत नाही म्हणून आम्हाला लेख मागतात. थळला आरसीएफचे अमोनिया-युरिया प्लांट आहेत, डोलवीला जेएसडब्ल्यूचा पोलाद कारखाना आहे, उसरला गेलचा वर्षाला 5 लाख टन पॉलिप्रॉपिलीनचा प्रकल्प आहे. पॅनेलवर बसणारा माणूस बाहेरून आणायचा आणि शेजारच्या गावातला मुलगा ठेकेदाराकडे हेल्पर ठेवायचा, हे आणखी एक पिढी चालवायचे आहे का?

सात हजार ही किमान रक्कम आहे. जास्त द्यायला कायदा अडवत नाही. म्हणून मालकांनो, वाढीच्या अधिसूचनेची वाट पाहू नका. पुढच्या तुकडीचे विद्यावेतन आजच 8,000 च्या वर न्या. लांबच्या मुलाला बसभाडे आणि कॅन्टीन द्या. शिकाऊला झाडलोटीला किंवा पॅकिंगला लावू नका. लॉगबुक भरून घ्या आणि त्यावर शिफ्ट इन्चार्जची सही असू द्या.

निदेशकांनो, शेवटच्या सत्रात मुलांच्या आईवडिलांना वर्गात बोलवा आणि एनएसी असलेल्या व नसलेल्या उमेदवारासाठी निघालेल्या जाहिराती त्यांच्यापुढे ठेवा. आधार आणि गुणपत्रिकेवरच्या नावांतला फरक तेव्हाच दुरुस्त करून घ्या, म्हणजे अप्रेंटिसशिप पोर्टलवर करार अडकून मुलगा कंटाळून जाणार नाही.

कौशल्य विभागाकडे आमची मागणी एका ओळीची आहे: आयटीआय उत्तीर्ण मुलाला युवा प्रशिक्षण योजनेत जितके पैसे देता, निदान तितके अप्रेंटिसच्या हाती पडतील एवढी भर राज्याच्या तिजोरीतून घाला. या मागणीच्या निवेदनावर आपल्या संस्थेची सही हवी असेल, तर पुढचा अंक छपाईला जाण्यापूर्वी कळवा.