बारा कॉर्नर आणि माझी वही

गेल्या डिसेंबरात, म्हणजे २०२५ साली, चेन्नईला ज्युनियर विश्वचषक हॉकीच्या उपांत्य सामन्यात जर्मनीने आपल्याला ५-१ असे हरविले. दुसऱ्या दिवशी कॉलेजात अपेक्षित तेच ऐकू आले. "यांना जमतच नाही." "जर्मनी दिसली की हातपाय गळतात." मी काही बोलले नाही. घरी येऊन दोन वर्षांपूर्वीची एक वही शोधून काढली. त्या वहीविषयी मला या अंकातून थोडे लिहायचे आहे. कारण तिच्यात एका सामन्याचा हिशेब आहे आणि माझ्या एका चुकीचाही.

वहीतील सामना १४ डिसेंबर २०२३ चा. स्थळ क्वालालंपूर, स्पर्धा हीच, फेरी हीच आणि समोर जर्मनीच. मी तेव्हा प्रथम वर्षाला होते. वाशीमसारख्या गावात हॉकीची काठी हातात घेतलेली मुलगी मी आजतागायत पाहिलेली नाही. पण हा खेळ पाहण्याचे वेड मला वडिलांकडून लागले आणि मोजण्याचे वेड कुणाकडून लागले ते सांगता येत नाही. मोबाईल उशीला टेकवून मी वहीत दोन रकाने आखले, एक "आपला" आणि दुसरा "त्यांचा", आणि एकेक रेघ ओढत बसले.

सामना आपण १-४ असा हरलो. आठव्या मिनिटाला बेन हासबाखने गोल केला, अकराव्या मिनिटाला सुदीप चिरमाकोने बरोबरी साधली. मग तिसाव्या मिनिटाला पुन्हा हासबाख, एकेचाळिसाव्याला ग्लांडर, अठ्ठावन्नाव्याला स्पर्लिंग. पण वहीतील खरा आकडा निराळाच होता. आपल्याला पेनल्टी कॉर्नर मिळाले बारा, त्यांतून गोल झाला नाही एकही. जर्मनीला मिळाले दोन, त्यांतून गोल झाले दोन. मी त्या बाराखाली दोनदा रेघ मारली आणि शेजारी लिहिले : "नाचता येईना, अंगण वाकडे."

ज्यांनी हॉकी पाहिलेली नाही त्यांच्यासाठी दोन शब्द. पेनल्टी कॉर्नर म्हणजे नियमभंगाबद्दल मिळालेली मोठी संधी. बचाव करणाऱ्यांपैकी गोलरक्षकासह फक्त पाच जण गोलरेषेवर थांबतात, बाकीचे मध्यरेषेपलीकडे पाठविले जातात. चेंडू गोलाच्या बाजूला मागच्या रेषेवरून आत ढकलला जातो. तो गोलाकार कक्षेबाहेर थांबवून परत आत घ्यायचा आणि मग गोलावर मारायचा. एकाने ढकलायचा, दुसऱ्याने अडवायचा, तिसऱ्याने मारायचा आणि हे सारे दोन-तीन सेकंदांत. तेवढ्यात समोरून एक जण जिवावर उदार होऊन चेंडूवर धावून येतो. म्हणजे कॉर्नर "वाया गेला" असे आपण म्हणतो, तेव्हा चार-पाच माणसांचे काम आपण एका शब्दात गुंडाळतो. त्यात एखादा कॉर्नर आपल्या चुकीने जातो, तर एखादा समोरच्याच्या हिमतीने. वहीतील रेघ मात्र दोन्ही वेळा सारखीच असते.

आता हिशेब पाहू. समजा एखादा संघ सरासरीने पाचांपैकी एका कॉर्नरवर गोल करतो. अशा संघाला बारा कॉर्नर मिळाले आणि सगळे हुकले, असे किती वेळा घडेल? चार पंचमांशाला स्वतःनेच बारा वेळा गुणून पाहा : शंभर सामन्यांत सुमारे सात. तिघांत एक गोल करणारा संघ असेल तर शंभरात एकदाही घडणार नाही. पण दहांत एकच गोल करणारा संघ असेल तर शंभरात अठ्ठावीस वेळा घडेल. मग क्वालालंपूरला मैदानावर होता तो कोणता संघ? शंभरात सात वेळा येणारी वाईट संध्याकाळ वाट्याला आलेला चांगला संघ, की कॉर्नरमध्ये मुळातच कच्चा संघ? बारा हा आकडा हे सांगू शकत नाही. तो फक्त शंका उत्पन्न करतो. शिवाय हे बारा कॉर्नर बारा स्वतंत्र संधी नव्हेत. एक अडवला की त्याच गडबडीत दुसरा मिळतो, आणि समोरच्याला आपला डाव आधीच कळलेला असतो.

आपल्या जिल्ह्यातील वाचकांना हे समजावून सांगण्याची खरे तर गरज नाही. मे महिन्याच्या अखेरीस घराघरांत सोयाबीनची उगवण तपासतात. ओल्या गोणपाटावर शंभर दाणे मांडतात, गुंडाळून ठेवतात आणि काही दिवसांनी किती उगवले ते मोजतात. सत्तर किंवा अधिक उगवले तर बियाणे पेरण्यास योग्य, कमी उगवले तर एकरी बियाणे वाढवायचे. बारा दाणे मांडून कुणी बियाणे फेकून देत नाही, आणि दोन दाणे मांडून दोन्ही उगवले म्हणून कुणी मिशीला पीळ देत नाही. शेतात जी अक्कल आपण वापरतो ती सामना पाहताना कुठे जाते, हा माझा प्रश्न आहे.

ती कुठे जाते याचे उत्तर वहीच्या मागच्या पानावर सापडले. या सामन्याच्या दोनच दिवस आधी, १२ डिसेंबरला, उपांत्यपूर्व फेरीत आपण नेदरलँड्सला ४-३ असे हरविले होते. ०-२ असे मागे पडून, बरोबरी साधून, पुन्हा २-३ असे मागे पडून. महाराष्ट्राच्या आदित्य लालगेने पहिला गोल फेडला, कर्णधार उत्तम सिंगने सत्तावन्नाव्या मिनिटाला चौथा केला. आणि त्यानंतरच्या अखेरच्या मिनिटांत नेदरलँड्सला एकामागून एक पेनल्टी कॉर्नर मिळाले. एकही आत गेला नाही. त्या पानावर मी काय लिहिले होते? "याला म्हणतात छातीचा कोट!" डच मुलांना नाचता येत नव्हते, असे माझ्या मनातही आले नाही. त्यांचे कॉर्नर हुकले तो आपला पराक्रम. आपले हुकले ती आपली नालायकी. जर्मन मुलांनी गोलरेषेवरून धावत येऊन बारा वेळा जीव पणाला लावला होता, त्याला माझ्या वहीत रकानाच नव्हता.

मोजणाऱ्याची ही फसगत जुनी आहे. इंग्लंडच्या हवाई दलात हिशेबाचे काम करणारे चार्ल्स रीप १९५० साली फुटबॉल सामन्यात पेन्सिल-वही घेऊन बसले आणि पुढे वर्षानुवर्षे मोजत राहिले. त्यांना आढळले की बहुतेक गोल तीन किंवा त्याहून कमी पासांनंतर होतात. त्यावरून निष्कर्ष निघाला की चेंडू खेळवत बसू नका, लांब मारा. पुष्कळांनी तो मानलाही. पण फुटबॉलमध्ये बहुतेक चाली तीन पासांच्या आतच संपतात, मग गोलही त्यांतूनच अधिक होणार. किती गोल झाले हे मोजले. किती प्रयत्नांतून झाले, हे भागायचे राहिले. आकडा खरा आणि अर्थ खोटा, असे होऊ शकते.

मित्रहो, इथवरची गोष्ट केवळ पाहणाऱ्याची. आता माझ्या चुकीची.

द्वितीय वर्षाला असताना मी एका आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत मुलींच्या कबड्डी संघाबरोबर राखीव खेळाडू म्हणून गेले होते. कॉलेजचे आणि गावाचे नाव इथे महत्त्वाचे नाही. खेळायला मिळत नव्हते, म्हणून मी बाकावर बसून वही उघडली. आपण सामना तीन गुणांनी हरलो. जेवणाच्या पंगतीत मी ऐटीत वाचून दाखविले : आपल्या एका चढाईपटूच्या अकरा चढाया, त्यांतील दोन सफल, दोनदा पकड आणि सात निष्फळ. पंगत गप्प झाली. वही हातोहात फिरली. पुढच्या सामन्यात ती मुलगी बाकावर माझ्या शेजारी बसली होती. स्पर्धेनंतर ती मैदानावर आली नाही.

बऱ्याच दिवसांनी मी ते पान नीट वाचले. मी प्रत्येक चढाईपुढे तेव्हाचे गुण लिहिले होते, पण पंगतीत ते वाचले नव्हते. सातपैकी चार निष्फळ चढाया पूर्वार्धातल्या, आपण पाच गुणांनी पुढे असतानाच्या. त्या वेळी कर्णधारच ओरडत होती, "वेळ काढ, वेळ काढ!" निदान रेषा ओलांडायची, तीस सेकंद घालवायचे आणि सुखरूप परत यायचे, हेच तिला सांगितले होते आणि ते तिने चोख केले होते. उरलेल्या तीन वेळा समोर पूर्ण सात जणी उभ्या होत्या. ज्यांचे गुण जास्त दिसत होते त्यांच्या बहुतेक चढाया तीन-चार जणींवर झाल्या होत्या. अवघड चढाईला तिला पाठवायचे, आणि निष्फळ म्हणून मोजायचेही तिलाच.

मी वही घेऊन तिच्या घरी गेले. तिने शांतपणे पान वाचले. म्हणाली, "त्या दिवशी हे बी वाचलं असतं तं बरं झालं असतं वं. आता दाखवून काय फायदा?" तिच्या आईने चहा दिला. कबड्डीचा विषय पुन्हा निघाला नाही.

यावर कुणी म्हणेल, मग मोजणेच सोडून द्यावे. माझे मत नेमके उलट आहे. मोजले नसते तर तिची बाजू आज कुणालाच कळली नसती; "ती ढिली पडली" एवढेच सर्वांच्या लक्षात राहिले असते. स्मरणशक्ती आकड्यांपेक्षा जास्त पक्षपाती असते. दोष मोजण्याचा नव्हता. अर्धे मोजून पूर्ण निकाल देण्याचा होता, आणि तो एका जेवणाच्या वेळात देण्याचा होता.

म्हणून आमच्या प्राध्यापकांना आणि जिमखान्याच्या प्रतिनिधींना एक सूचना करते. दरवर्षी या वार्षिकांकात क्रीडा विभागाचा अहवाल छापला जातो. त्यात विजेते, उपविजेते आणि सत्कार यांपलीकडे काही नसते. आपल्या संघांच्या प्रत्येक सामन्याची एक वही ठेवावी. चढाई कुणाची, समोर किती जणी, तेव्हा गुण किती, सूचना काय होती, आणि समोरच्या संघाने काय चांगले केले, एवढे लिहावे. एका सामन्यावरून कुणालाही बसवू नये. निदान एका हंगामाचे दाणे गोणपाटावर पडू द्यावेत. ज्या मुलीचा आकडा वाचायचा तिला तो आधी दाखवावा. हे काम करायला राखीव खेळाडू असतातच, आणि त्यांना वेळही भरपूर असतो, हे मी अनुभवाने सांगते.

राहिली गोष्ट हॉकीची. क्वालालंपूरला जर्मनीकडून हरल्यावर तिसऱ्या क्रमांकाच्या सामन्यात आपण स्पेनकडूनही १-३ असे हरलो होतो. चेन्नईला मात्र जर्मनीकडून पाच गोल खाल्लेल्या मुलांनी तीनच दिवसांनी अर्जेंटिनाला ४-२ असे हरवून कांस्यपदक मिळविले, तेही ०-२ असे मागे पडून. "यांना जमतच नाही" म्हणणारे त्या दिवशी कॉलेजात कुठे दिसले नाहीत. मी मात्र वहीत दोन्ही रकाने भरले. आणि २०२३ च्या त्या पानावरची "नाचता येईना" ही ओळ खोडली.