विमान उडो, पण ज्याचे त्याच्या पैशाने

जिल्हा मेळाव्यांच्या तारखा ठरवायला आम्ही कोल्हापुरात बसलो होतो. वऱ्हाड आणि मराठवाड्यातले चार मेळावे, हाताशी दिवस सहा. एका हितचिंतकाने सुचवले, "लहान विमान भाड्याने घ्या. सकाळी उजळाईवाडीहून उडा, दुपारी नागपूर, तिथून मोटारीने सभेला, दुसऱ्या दिवशी घरी. पैशाचे मी बघतो." आम्ही त्यांचे आभार मानले आणि नको म्हटले. का नको म्हटले, हे मेळाव्याआधी सांगणे आमचे कर्तव्य आहे. कारण या एका विमानाच्या निमित्ताने बराच मोठा हिशेब उलगडतो.

विमानाशी आमचे वैर नाही. शेतकऱ्याने बैलगाडीतच बसावे, त्यातच त्याची शोभा, असे म्हणणारे आमचे मित्र नव्हेत. कोल्हापूरचा विमानतळ छत्रपती राजाराम महाराजांनी बांधला, १९३९ साली. त्या काळात ही दृष्टी दाखवणाऱ्या राजाचा अभिमानच वाटतो. उद्या कापसाला घामाचे दाम मिळाले आणि बोंडअळीशी झुंजणारा आमचा भाऊ विमानाने मुंबईला गेला, तर पेढे आम्ही वाटू.

आता हे लहान विमान म्हणजे काय ते पाहू. याला टर्बोप्रॉप म्हणतात. आत इंजिन जेटच्या जातीचे, पण ते बाहेरचा पंखा फिरवते. जेटपेक्षा वेग कमी, पण जवळच्या पल्ल्याला इंधन कमी लागते आणि धावपट्टी आखूड असली तरी चालते. कोल्हापूरची धावपट्टी १३७० मीटरची होती, तेव्हा असल्याच विमानांचा आधार होता.

विमान भाड्याने घेणे म्हणजे स्पेशल गाडी करणे. वडापच्या जीपमध्ये माणशी भाडे, स्पेशलमध्ये सगळी गाडी आपल्या नावावर, मग बसा एक किंवा बसा नऊ. बिल उडण्याच्या तासावर. कापूस जिनिंगला नेणारा टेंपोवाला रिकाम्या फेरीचे पैसे घेतो, तसेच विमानवालाही घेतो. शिवाय उतरण्याचे, थांबण्याचे, वैमानिकांच्या मुक्कामाचे वेगळे. तासाचा दर लाखाच्या पुढे. कोल्हापूर ते नागपूर जाऊन येऊन साडेतीन तास धरले तर साडेतीन लाखांच्या आत काही भागत नाही. २०२५-२६ च्या हंगामाला मध्यम धाग्याच्या कापसाचा हमीभाव ७७१० रुपये जाहीर झाला. त्या भावाने हे पंचेचाळीस क्विंटल होतात. कोरडवाहूत एकरी चार-पाच क्विंटल धरा. दहा एकरांचा वर्षाचा कापूस, बियाणे, खत, फवारणी, वेचणीची मजुरी काही वजा न करता, एका दिवसात आकाशात उडाला! आणि त्या विमानात माल किती मावणार? नऊ माणसांचे वजन म्हणजे कापसाच्या चार गाठी.

ज्याला परवडते त्याने खुशाल उडावे. कारखानदार आपल्या नफ्यातून विमान करतो, डॉक्टर रुग्णासाठी करतो, त्यांना जाब विचारणारे आम्ही कोण? आमचा प्रश्न तिजोरीचा आहे.

सरकारने २०१६ साली उडान योजना आणली. लहान शहरांना विमान, तासाभराच्या प्रवासाला सुमारे २५०० रुपये भाडे, निम्म्या जागांना ही सवलत. कंपनीला पडणारी तूट भरून द्यायची. त्यासाठी मोठ्या मार्गांवरच्या उड्डाणांवर आकार बसवला आणि तुटीचा पाचवा हिस्सा राज्याच्या गळ्यात घातला. कोल्हापूरला एप्रिल २०१८ मध्ये एअर डेक्कनचे एकोणीस आसनी पंख्याचे विमान मुंबईसाठी सुरू झाले. ते फार काळ टिकले नाही. २०२० साली त्या कंपनीने सगळीच उड्डाणे थांबवली. मग ट्रूजेटची सत्तर आसनी विमाने आली, २०२२ च्या सुरुवातीला तीही थांबली. देशभरचा हिशेब महालेखापरीक्षकांनी २०२३ च्या अहवालात मांडला. मंजूर ७७४ मार्गांपैकी ४०३ सुरूच झाले नाहीत. सुरू झालेल्या ३७१ पैकी सवलतीची तीन वर्षे पुरी केली ११२ मार्गांनी. सवलत संपल्यावरही मार्च २०२३ मध्ये चालू होते फक्त ५४. सलाईन काढली की रोगी आडवा.

याच योजनेत राज्याने आणखी एक अट मान्य केली. उडानच्या विमानतळावर भरलेल्या विमानाच्या इंधनावर राज्याचा मूल्यवर्धित कर दहा वर्षे एक टक्का किंवा त्याहून कमी. आणि आमच्या ट्रॅक्टरच्या डिझेलवर? राज्याचा कर वीस टक्क्यांच्या पुढे, केंद्राचे उत्पादन शुल्क वेगळे. नांगरट करणाऱ्याने भरायचे आणि उडणाऱ्याला माफ, हा कुठला न्याय? आम्ही विमानावर कर वाढवा असे म्हणत नाही. जो नियम पंख्याला, तोच फाळाला लावा, एवढेच म्हणतो.

सरकारला माफी देता येत नाही असे नाही. २०२५ च्या ऑगस्टमध्ये कापसावरचे ११ टक्के आयात शुल्क उठवले आणि ती सूट पुढे ३१ डिसेंबरपर्यंत वाढवली. म्हणजे नेमकी आमच्या वेचणीच्या तोंडावर. गिरणीला माफी, विमानाला माफी. शेतकऱ्याने भाव मागितला की मात्र तिजोरीत खडखडाट!

तिसरी गोष्ट निवडणुकीची. विधानसभेच्या उमेदवाराला खर्चाची मर्यादा ४० लाख. त्यात जीपचे पेट्रोल धरतात, मांडव धरतात, चहा धरतात. पण १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम ७७ प्रमाणे पक्षाच्या यादीतल्या प्रचारक पुढाऱ्यांचा विमानप्रवास उमेदवाराच्या खर्चात धरला जात नाही. मान्यताप्राप्त पक्षाला असे ४० प्रचारक नेमता येतात, इतर नोंदणीकृत पक्षांना २०. शेतकऱ्याचा पोर अपक्ष उभा राहिला तर त्याला असा एकही नाही. त्याचा चहा मोजायचा आणि पुढाऱ्याचे विमान मोजायचे नाही. कुस्तीच्या गावात असली जोड कुणी लावली तर आखाड्यातून हाकलून देतील.

एवढे सगळे लिहून आम्हीच फुकटच्या विमानातून उतरलो असतो, तर तुम्ही काय म्हणाला असता? हितचिंतकाची नियत साफ आहे, पण ज्याच्या विमानात बसलो त्याच्याशी भांडायची वेळ आली तर जीभ जड होते. चळवळीचे पैसे तुमच्या वर्गणीचे असतात, म्हणून जीभ मोकळी राहते. साडेतीन लाखांचा एक देणगीदार जे बोलू देणार नाही, ते दहा-दहा रुपये देणारे पस्तीस हजार लोक बोलायला लावतात.

दुसरी वाट घरातलीच आहे. कोल्हापूरहून गोंदियाला महाराष्ट्र एक्सप्रेस जाते. मनमाड, भुसावळ, अकोला, बडनेरा, वर्धा, सगळा कापसाचा मुलूख खिडकीतून दिसतो. वेळ लागतो, एका दिवसाहून जास्त. पण डब्यात शेजारी बसलेला माणूस आपल्या गावच्या ज्वारीला काय भाव फुटला ते सांगतो. चार मेळावे सहाऐवजी नऊ दिवसांत होतील. तारखा आम्ही तशाच लावल्या आहेत.

शेतकरी भावांनो आणि मायबहिणींनो, मेळाव्यात तीन ठराव मांडणार आहोत. शेतीच्या डिझेलवरचा राज्याचा कर विमानाच्या इंधनाइतकाच करा. सरकारी कामासाठी पुढाऱ्यांनी केलेल्या प्रत्येक भाड्याच्या विमानाचा खर्च, कोण बसले आणि कशासाठी यासह, दर अधिवेशनात मांडा. निवडणुकीत प्रचारकांचे विमान मोजायचे नसेल तर उमेदवाराची जीपही मोजू नका. पटले तर हात वर करा, न पटले तर उभे राहून बोला. आमच्या प्रवासखर्चाची तिकिटेही त्याच दिवशी मंचावर ठेवू. ती तपासल्याशिवाय कुणी उठू नये.