विद्येला मान, विद्यार्थ्याला मुदत

ऑस्ट्रेलियाने चिनी वैद्यकाला जो राजमान्य दर्जा दिला, तसा पाश्चात्त्य जगात क्वचितच कोणी दिला असेल. याच देशाने १९०१ साली युरोपीय भाषेतील श्रुतलेखनाची परीक्षा पुढे करून चिनी माणसाला बंदरावरूनच परत धाडण्याची सोय केली होती. ती परीक्षा १९५८ साली गेली. पुढे २००० साली व्हिक्टोरिया राज्याने चिनी वैद्यांच्या नोंदणीचा कायदा केला, आणि १ जुलै २०१२ पासून ॲक्युपंक्चर करणारे व चिनी वनौषधी देणारे डॉक्टर-परिचारिकांच्या पंक्तीला राष्ट्रीय नोंदणीत येऊन बसले. नोंदणीवाचून स्वतःला चिनी वैद्य म्हणवणे हा आज तेथे गुन्हा आहे. या न्यायबुद्धीचे आम्ही मनापासून स्वागत करतो.

परंतु विद्येला आसन मिळाले म्हणून विद्यार्थ्यालाही ते मिळते, अशी कोणाची समजूत असेल तर ती भाबडी आहे. ही विद्या शिकण्यासाठी परदेशातून आलेला विद्यार्थी चार-पाच वर्षे खर्ची घालतो आणि स्थानिकापेक्षा कितीतरी अधिक शुल्क भरतो. त्याच्या व्हिसाच्या नुसत्या अर्जाचे शुल्क जुलै २०२४ मध्ये ७१० डॉलरांवरून १,६०० वर आणि वर्षभरातच २,००० वर गेले. एवढे करून पदवी हाती आली, की त्याच्यापुढे तीन दारे उभी राहतात. विद्यापीठ त्याला विद्वान ठरवते. नोंदणी मंडळ त्याची पात्रता व इंग्रजी तपासून त्याला वैद्य ठरवते. आणि त्याने त्या देशात राहावे की नाही, हे स्थलांतर खाते ठरवते. पहिल्या दोन दारांच्या किल्ल्या कष्टाने मिळतात. तिसऱ्या दाराचे कुलूपच वरचेवर बदलते.

जुलै २०२४ पासून शिक्षणोत्तर वास्तव्याची वयोमर्यादा सामान्य पदवीधरांसाठी ५० वरून ३५ वर आणली गेली. आधी दुसरा उद्योग करून चाळिशीत या विद्येकडे वळलेल्या माणसाने काय करावे? जो या मर्यादेत बसतो, त्यालाही साधारणतः दोन वर्षांचीच मुदत मिळते. त्या मुदतीत त्याने मालक शोधावा, असे कायदा सुचवतो. खरी विसंगती येथेच आहे. या व्यवसायात माणूस बहुधा स्वतःचा छोटा दवाखाना थाटतो आणि रोगी हळूहळू जोडतो. त्याला पुरस्कृत करील असा मोठा मालक येणार कोठून? राज्याच्या शिफारशीचा मार्ग आहे म्हणावे, तर तोही व्यवसायांच्या बदलत्या याद्यांवर आणि निमंत्रणावर अवलंबून! नोकरदारासाठी बेतलेला अंगरखा वैद्याला चढवायचा आणि तो बसत नाही म्हणून वैद्यालाच दोष द्यायचा, हा कोठला न्याय?

आपल्या भूमीवर कोणाला कायमचे राहू द्यावे, हे ठरवण्याचा अधिकार प्रत्येक राष्ट्राला आहे. तो आम्ही नाकारत नाही. शिकायला आलेल्या प्रत्येकाला नागरिक करून घ्या, असेही आमचे म्हणणे नाही. पण अधिकाराबरोबर स्पष्टोक्तीचे कर्तव्य येते. पदवी म्हणजे नोंदणी नव्हे आणि नोंदणी म्हणजे वास्तव्य नव्हे, ही दोन वाक्ये प्रवेशपत्राच्या पहिल्याच पानावर ठळक अक्षरांत छापली पाहिजेत. विद्यार्थी शिकत असताना नियम बदलले, तर त्याला जुन्या नियमांचा लाभ मिळाला पाहिजे. आणि नोंदलेल्या वैद्याने स्वतः चालवलेला दवाखाना हाही रोजगारच होय, हे स्थलांतर खात्याने मान्य केले पाहिजे.

हे सारे परक्यांचे दुखणे, असे म्हणून मराठी वाचकाने हे पान उलटू नये. महाराष्ट्राने स्वतः २०१५ साली ॲक्युपंक्चरचा कायदा केला आहे. आयुर्वेद शिकण्यासाठी परदेशी विद्यार्थ्यांना आपले सरकार शिष्यवृत्त्या देऊन बोलावते. तो विद्यार्थी पदवी घेऊन परतला, की त्याचा देश त्याला वैद्य मानील काय? ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय नोंदणीत आयुर्वेदाला अद्याप जागा नाही. म्हणजे चिनी वैद्यकाच्या पदवीधराला निदान जे दुसरे दार दिसते, तेही आपल्या वैद्याला तेथे नाही. ही गोष्ट आपण आपल्या पाहुण्या विद्यार्थ्याला पहिल्या दिवशी सांगतो काय?

विद्या देणे हे पुण्य खरेच. पण विद्येबरोबर खोटी आशा विकणे हा व्यापार झाला, आणि त्या व्यापारात नफा संस्थेचा होतो, तारुण्य मात्र विद्यार्थ्याचे जाते. ऑस्ट्रेलियाला बोल लावताना आपण आपलेही प्रवेशपत्र एकदा उघडून पाहावे!