हौस आणि ध्यास

हौस आणि ध्यास यांत मोठे अंतर आहे. हौस सोयीची वाट पाहते. ध्यास गैरसोय सोसतो. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे जुन्या कागदपत्रांच्या शोधार्थ गावोगाव हिंडले. जुनी दप्तरे दाखविण्यास लोक सहजी राजी होत नसत. तरीही १८९८ पासून त्यांनी ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचे २२ खंड सिद्ध केले. या श्रमांत धनलाभ नव्हता. आपला इतिहास आपणच, आणि तोही पुराव्यानिशी लिहिला पाहिजे, ही श्रद्धा मात्र होती. बालमित्रांनो, जीवनाचे प्रयोजन कोणी आयते हाती आणून देत नाही. आवडीचे काम कंटाळा आल्यावरही जो सोडीत नाही, त्यालाच ते गवसते, असे मला वाटते.