दाराचे टेबल, कवाडाचे बाक

सोलापूर जिल्ह्यातल्या जुन्या माळवदी घरांत लाकूड सढळ हाताने वापरलेले असे. छताला तुळया, त्यांवर आडवे लाकूड, वर पांढऱ्या मातीचा जाड थर. आणि दर्शनी बाजूला जाड फळ्यांचे, आडव्या पट्ट्यांनी जखडलेले दोन कवाडांचे दार. किल्लारीच्या 1993 च्या भूकंपानंतर माळवदाच्या वजनाची धास्ती लोकांनी घेतली ती कायमचीच. करमाळा तालुक्यातल्या केमसारख्या गावात असे घर उतरवून स्लॅबचे बांधले, की तुळयांना गिऱ्हाईक मिळते; ठेंगणे दार मात्र नव्या चौकटीत बसत नाही. ते गोठ्याला लागते, नाहीतर चुलीत जाते. खरे तर त्या दाराचे अर्धे फर्निचर आधीच झालेले असते. सपाट, वर्षानुवर्षे वाळलेले, पुन्हा न वाकणारे लाकूड नवे घ्यायचे तर खिशाला परवडत नाही.

पहिली पारख लाकडाची. साग हलका आणि रंध्याला सोपा. बाभूळ वजनदार आणि चिवट. तिच्यात खिळा ठोकण्याआधी ड्रिलने भोक पाडावे लागते, नाहीतर खिळा वाकतो. कडुनिंबाला कीड सहसा कमी लागते. बोटाच्या गाठीने सगळीकडे ठोकून पाहावे: पोकळ आवाज आला किंवा बारीक भोकांतून ताजा भुसा गळला, तर तेवढा भाग कापून टाकावा. वाळवी जास्त करून दाराच्या खालच्या वीतभर भागात सापडते, कारण सारवणाचे आणि पावसाचे पाणी तिथेच मुरते.

खरे कष्ट साफसफाईत आहेत. जुन्या ऑइलपेंटमध्ये शिसे असू शकते. घरगुती रंगातल्या शिशावर 90 पीपीएमची मर्यादा भारतात नोव्हेंबर 2017 पासून लागू झाली; त्याआधीचा रंग संशयितच धरावा. तो कोरडा घासून धूळ उडवू नये. पाणी मारून पत्रीने खरवडावा, तोंडाला मास्क बांधावा, मुलांना लांब ठेवावे आणि निघालेला रंग परसात न टाकता पिशवीत भरावा. चौकटीजवळच्या भागावर पूजेच्या हळदीचे डाग असतात. धुण्याच्या सोड्याने पुसताच ते पिवळ्याचे लाल होतात, आणि पाहणाऱ्याला लाकूड बिघडल्यासारखे वाटते. केम हे कुंकवाचे गाव, त्यामुळे तिथे हे कोणाला नवल वाटू नये: हळदीला क्षार लागला की ती लाल होते, याच गुणावर पारंपरिक कुंकू बनते. लिंबाच्या रसाने डाग पुन्हा पिवळा होतो. मग साध्या पाण्याने पुसून लाकूड सावलीत वाळवावे.

रंधा मारण्याआधी दारावरून लोहचुंबक फिरवावे. लाकडात बुडालेला एक जुना खिळा पात्याचे तोंड घालवतो. तसा रंधा मारायची गरज फार कमी वेळा पडते. कडीने पाडलेली खाच आणि हातांनी गुळगुळीत झालेली कड ठेवलीच पाहिजे. ती घालवायची असेल तर सरळ प्लायवूड घ्यावे.

दार कापू नये, आडवे करावे. अखंड दाराचे जेवणाचे टेबल होते, उंची 30 इंच. जोडीतले अरुंद एक कवाड 18 इंचांवर बसवले की बाक झाला. पाय लाकडाचेच हवेत असा हट्ट नको. गावातला वेल्डिंगवाला बॉक्स पाइपचे दोन चौकोनी पाय करून देतो आणि ते सागवानी पायांपेक्षा खूप स्वस्त पडतात. पायांच्या पट्टीला गोल भोकाऐवजी लांबट खाच ठेवायला सांगावे. सोलापुरी उन्हाळ्यात लाकूड आकसते, पावसाळ्यात फुगते. बोल्टला सरकायला जागा नसेल तर फळी चिरते. दारावर लोखंडी फुल्या किंवा नक्षी असेल तर वर टफन्ड काच ठेवावी, म्हणजे ताट डगमगत नाही. कडी-कोयंडे फळीवर ठोकले की कपडे अडकवायला होतात, आणि रिकाम्या चौकटीत आरसा बसतो. उंबऱ्याचे मात्र बाक कोणी करत नाही. ज्यावर बसू नये असे पिढ्यान्पिढ्या बजावले, त्यावर पाहुण्यांना कसे बसवणार? तो बहुधा नव्या घरात तसाच बसवला जातो, आणि ते योग्यच.

शेवटचा हात तेलाचा. चकचकीत वॉर्निश अशा लाकडाला शोभत नाही. जवसाचे तेल पातळ थरात चोळावे, अर्ध्या तासाने जास्तीचे पुसून घ्यावे. घाण्याचे कच्चे तेल सुकायला कित्येक दिवस घेते; हार्डवेअरच्या दुकानातले डबल बॉइल्ड लवकर सुकते, पण त्यात सुकवणारी रसायने असल्याने ताटाखालच्या फळीला ते पूर्ण वाळल्याशिवाय वापरात आणू नये. तेलाने भिजलेली फडकी गोळा करून कोपऱ्यात टाकली तर आतल्या आत तापून आपोआप पेटतात. ती दोरीवर मोकळी पसरून वाळवावीत, नाहीतर पाण्यात बुडवून ठेवावीत. वर्षातून एकदा, शक्यतो उन्हाळ्याच्या सुरुवातीला, तेलाचा एक हात पुन्हा द्यावा आणि त्याच वेळी पायांचे नटबोल्ट आवळावेत.