संगणकाची स्क्रीन पुसताना



आमच्या कार्यालयात काही वर्षांपूर्वी घडलेली गोष्ट. सफाईला येणाऱ्या मावशींनी खिडकीच्या काचा पुसायचे औषध थेट संगणकाच्या स्क्रीनवर फवारले आणि स्क्रीन लख्ख पुसली. दोन दिवसांत तिच्यावर उभ्या रेषा उमटल्या. दुरुस्तीचा खर्च मावशींच्या पगारातून कापायची भाषा सुरू झाली. मी विचारले, "साहेब, ही कशी पुसायची हे त्यांना कुणी सांगितले होते का?" सगळे गप्प. खरे तर मलाही ठाऊक नव्हते. मावशींचा पगार वाचला आणि मी माहिती काढायला लागलो.

आज आपल्या वस्त्यांतही भिशीच्या पैशातून, हप्त्याने किंवा जुना का होईना, लॅपटॉप आला आहे. मुक्त विद्यापीठ तर आपल्या नाशिकचेच. नोकरी सांभाळून शिकणाऱ्या मुलामुलींची भिस्त याच यंत्रावर असते. स्क्रीन बदलायची म्हणजे हजारो रुपयांचा फटका.

पूर्वीच्या मोठ्या पेटीसारख्या संगणकाला जाड काच असे. ती कशानेही पुसली तरी चाले. आताच्या बहुतेक स्क्रीनवर वरचा थर नाजूक प्लॅस्टिकचा असतो आणि त्यावर चकाकी कमी करणारा लेप असतो. काचेच्या औषधातील अमोनिया, नेलपॉलिश काढायचे ॲसिटोन किंवा स्पिरिट यांनी तो लेप उतरतो, डाग पडतात. २०२० साली करोनाच्या धास्तीने अनेकांनी सॅनिटायझर फासले, तेही बरे नव्हे. फवारलेले पाणी ओघळून खालच्या कडेत शिरले, तर तिथले सर्किट बिघडते. मावशींच्या हातून नेमके हेच झाले होते.

मग करायचे काय?

१. संगणक बंद करा, वायर काढा, थंड होऊ द्या. काळ्या स्क्रीनवर धूळही नीट दिसते.

२. मायक्रोफायबरचे स्वच्छ फडके घ्या. चष्म्याच्या दुकानात मिळते तेही चालते. वर्तमानपत्र, टिश्यू पेपर, टॉवेल नको. बारीक ओरखडे उठतात.

३. वरून खाली हलक्या हाताने पुसा. दाबू नका, आतले थर दबून कायमचे ठिपके पडू शकतात.

४. बोटांचे किंवा फोडणीच्या धुराचे तेलकट डाग असतील, तर फडक्याचा कोपरा डिस्टिल्ड वॉटरने किंचित ओला करा. थेंब गळता कामा नये. पाणी स्क्रीनवर कधीच फवारू नका. नंतर कोरड्या बाजूने पुसून दहा-पंधरा मिनिटांनी संगणक सुरू करा.

डिस्टिल्ड वॉटर बॅटरीच्या दुकानात स्वस्तात मिळते. मात्र तिथे ॲसिडही असते, म्हणून बाटलीवरचे नाव वाचूनच घ्या. नळाचे पाणी उकळून वापरले तर चालेल का, असे एका ताईंनी विचारले. उकळल्याने जंतू मरतात, क्षार जात नाहीत. पांढरे डाग राहतातच. फडके साध्या साबणाने धुवा आणि डब्यात ठेवा, नाहीतर त्यातलीच धूळ स्क्रीनवर घासली जाते.

हे नियम कागदावर लिहून मी कार्यालयात चिकटवले आणि मावशींना करूनही दाखवले. परवा मी स्क्रीनला पेन टेकवून आकडा दाखवत होतो. मावशींनी लांबूनच हटकले, "भाऊ, ओरखडा पडेल ना!"