आरोग्यचिंतन : तारुण्यपीटिकांचे औषध आणि आतड्यांचा विकार

सोयरीक ठरली की चेहऱ्यावरील मुरुमांची काळजी घरात वाढते. वडपे येथील गोदामात दिवसभर गुंतलेल्या तरुणाला डॉक्टरांकडे जाण्याची सवड नसते. ओळखीच्या औषध दुकानातून कॅप्सूल येते. परंतु त्याला अल्सरेटिव्ह कोलायटिस किंवा क्रोन्स हा आतड्यांचा दाहविकार असेल आणि लग्नाच्या बोलणीत तो दडवला गेला असेल, तर ही घाई महागात पडू शकते.

तीव्र मुरुमांवरील आयसोट्रेटिनॉइन हे औषध अमेरिकेत 1982 मध्ये मान्य झाले. त्यामुळे आतड्यांचा विकार जडतो, असे दावे तेथील न्यायालयांत पुष्कळ झाले. पुढील मोठ्या अभ्यासांत मात्र हा कार्यकारणसंबंध सिद्ध झाला नाही. तरीही औषधासोबतच्या पत्रकात सावधगिरीची सूचना कायम आहे. म्हणून विकार असलेल्यांनी हे औषध त्वचारोगतज्ज्ञ व पोटविकारतज्ज्ञ या दोघांच्या संमतीनेच घ्यावे. पोटात तीव्र वेदना, शौचातून रक्त किंवा तीव्र जुलाब झाल्यास ते थांबवून तत्काळ डॉक्टरांना कळवावे.

डॉक्सिसायक्लिनसारखी प्रतिजैविकेही निरुपद्रवी नाहीत. त्यांनी आतड्यांतील उपयुक्त जीवाणूंचा समतोल बिघडतो. डॉक्सिसायक्लिन पेलाभर पाण्यासोबत घ्यावे व नंतर अर्धा तास आडवे होऊ नये, अन्यथा अन्ननलिकेस जखम होते. चौविहार पाळणाऱ्यांनी सूर्यास्ताच्या घाईत घोटभर पाण्यावर ते गिळू नये. दिवसाची वेळ डॉक्टरांकडून ठरवून घ्यावी. आयसोट्रेटिनॉइन स्निग्ध आहारासोबत अधिक शोषले जाते, म्हणून उपवास असल्यास तेही सांगावे. या औषधाचे कवच बहुधा प्राणिजन्य जिलेटिनचे असते. ज्यांना ते वर्ज्य आहे, त्यांनी पर्याय आधीच विचारावा.

कधी मुरुमांचे मूळ आतड्यांच्या उपचारासाठी दिलेल्या स्टेरॉइडमध्येच असते. म्हणून ते परस्पर बंद करणे मात्र धोक्याचे आहे.

विवाहयोग्य कन्यांच्या मातांनी एक गोष्ट विशेष लक्षात ठेवावी. आयसोट्रेटिनॉइन चालू असताना व बंद केल्यावर एक महिना गर्भधारणा होता कामा नये. गर्भात गंभीर व्यंग निर्माण होते. लग्नाची तारीख डॉक्टरांना आधीच सांगावी.

सौम्य मुरुमांना लावण्याची औषधे बहुधा पुरेशी असतात आणि ती आतड्यांपर्यंत फारशी पोहोचत नाहीत. प्रारंभ तेथूनच करावा. डॉक्टरांकडे जाताना जुन्या सर्व औषधांच्या चिठ्ठ्या सोबत न्याव्यात. पोटाच्या विकाराची चिठ्ठी त्यांत सर्वांत वर असावी.